नोनीची उंची

आमच्या वरच्या मजल्यावरचे गोतमारे काका लहान मुलांच्या पुस्तकातली जनावरं टेपनं मोजतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी चिनू चार वर्षांची होती. काका पाण्याची टाकी भरली का विचारायला खाली आले होते. चिनू सोफ्यावर चित्रांचं पुस्तक मांडून बसली होती. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, शर्टाच्या खिशातून स्टीलचा टेप काढला आणि पुस्तकातला हत्ती मोजला. मग पान उलटून मुंगी मोजली.

"हत्ती सहा सेंटिमीटर, मुंगी नऊ," ते म्हणाले. "वंदना, हे पोट्टी मोठी होऊन का समजन? हत्ती मुंगीच्या पाठीवर बसून बजारले जाते?"

"काका, ते चित्र हाय," मी म्हटलं.

"चित्र हाय म्हणूनच तं बोलून राहिलो. चित्रावर लोकं विश्वास ठेवतेत. आमच्या चित्रावर विश्वास ठेवून लोकायनं भट्ट्या उभ्या केल्या."

एवढं बोलून त्यांनी पुस्तक बगलेत मारलं आणि 'तपासायला' वर नेलं. आठ दिवसांनी परत आलं तेव्हा प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक सुबक चौकट होती आणि त्यात लिहिलं होतं, 'स्केल दिलेले नाही. नामंजूर.' सशाच्या पानावर तर ज्यादा शेरा होता, 'कान कोणत्या सशाचे?'

काका पस्तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात भट्ट्यांचे नकाशे काढत होते. निवृत्त होऊनही ते तिथून बाहेर पडलेच नाहीत. भाकरी गोल झाली नाही तर ते हॉटेलवाल्याला "टॉलरन्स किती?" म्हणजे किती चूक चालेल, असं विचारतात. माझ्या नवऱ्यानं भिंतीत खिळा ठोकला की खाली येऊन तो किती वाकडा आहे ते सांगून जातात. सांगतात फक्त, सरळ करत नाहीत. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. घरात ते, टेप आणि जुन्या ड्रॉइंगच्या कागदांची एक भलीमोठी चळत, एवढंच उरलंय.

खरं सांगायचं तर मुलांच्या पुस्तकांवर कुणीतरी एवढं मन लावतंय याचं मला बरंच वाटलं होतं. मी प्राथमिकला शिकवते. आमच्या शाळेत चित्रांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे, आणि त्याला कुलूप आहे. मुलं पुस्तकं फाडतात म्हणून कुलूप. तपासणी आली की कपाट उघडतं, मुलांच्या हातात एकेक पुस्तक देऊन फोटो निघतो, आणि मुलांचं पहिलं पान उलटायच्या आत पुस्तकं परत आत जातात. मी तीन मुख्याध्यापिकांशी यावरून भांडले. तिघीही बदलून गेल्या, कुलूप तेच आहे. आता मी भांडतही नाही.

आणि घरी काय, तर टाउनशिपमधले निम्मे क्वार्टर बंद. ज्यांत माणसं आहेत त्यांत मुलं कमी, आणि जी आहेत त्यांच्या हातात मोबाइल. अशा वेळी काकांनी एके दिवशी जिन्याखाली कागद चिकटवला. 'लहान मुलांसाठी चित्रपुस्तके व हस्तकला. दर रविवारी सकाळी ठीक आठ. उशिरा आल्यास पुढचा रविवार.'

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. आईबापांना रविवारी झोपायला मिळत होतं, हे एक कारण असावं. काकांनी अकरा पुठ्ठे, अकरा पेन्सिली आणि अकरा पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या. कागदाची होडी करायची होती. पहिला अर्धा तास कागदाचे कोपरे काटकोनात आहेत का हे बघण्यात गेला. पुढच्या अर्ध्या तासात दोन घड्या झाल्या आणि एक मुलगी रडली. काका तिला हळूच म्हणाले, "रडू नको माय, अर्धा मिलिमीटरच हाय." ती आणखी मोठ्यानं रडली.

वाळक्या पानांचं चित्र करायचं तर आधी पानं लांबीप्रमाणे लावा. रंगात बोटं बुडवायची तर ठसा चौकटीच्या आत. मी एकदा वर जाऊन म्हटलं, "काका, लेकरायले जरा घाण करू द्या." ते म्हणाले, "करू दे ना. कुठं करायची ते ठरवून घेऊ."

दिवाळीपर्यंत अकराची चार मुलं झाली. थंडीत एकटी चिनू उरली, आणि ती बिस्किटांसाठी जाते हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत असावं. पण दर रविवारी आठ वाजता वर डोकावलं तर व्हरांड्यात अकरा पुठ्ठे मांडलेले असत. मला ते बघवायचं नाही. मी एकदा म्हटलंही, चिनूपुरता एकच मांडत जा. ते म्हणाले, "कोणी आलं तं?"

कोणी येणार नव्हतं.

त्याच थंडीत चिनूनं त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही सब को गलत म्हणता. मग असली में केवढं असते?"

काका त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं पुस्तक काढायला घेतलं. जुन्या ड्रॉइंगच्या कोऱ्या पाठीवर, काळ्या शाईत, आणि प्रत्येक गोष्ट जेवढी असते तेवढीच. नियम एकच. जे स्वतःच्या हातानं मोजलं नाही ते काढायचं नाही.

पहिलं पान मुंगीचं. एवढ्या मोठ्या पानावर मधोमध एक ठिपका, त्याला म्हणे सहा पाय होते. दुसऱ्या पानावर तांदळाचा दाणा. तिसऱ्यावर चिमणी, ती त्यांच्या पंख्याला आपटून मेली होती म्हणून मापायला मिळाली. कोंबडीसाठी ते खुर्सीपारच्या वस्तीत एका ओळखीच्याकडे गेले आणि हाताला तीन चोची मारून घेऊन आले. बकरीचं पान दोनदा उलगडावं लागे. आणि गाय.

गाय चौकातली होती, नेहमी रस्त्याच्या मधोमध बसणारी. काका टेप घेऊन तिच्याकडे तीन दिवस जात होते. शिंगं झाली, पाठ झाली, पोटाचा घेर झाला. चौथ्या दिवशी शेपटीला हात लावला आणि तिनं लाथ घातली. काकांना रिक्षातून घरी आणलं तेव्हा दुलारी जिन्यात भाजीची टोपली घेऊन बसली होती. दुलारी जवळच्या उतई गावाहून आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन येते. तिनं त्यांचा सुजलेला गुडघा पाहिला आणि तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "लात के नाप घलो लिख ले कका."

त्यांनी लाथेचंही माप खरंच लिहिलं. गायीच्या चित्रात मागच्या खुरापासून एक बाण निघतो आणि तिथं लिहिलंय, 'पोहोच: पंचाहत्तर सेंमी.' शेपटीच्या जागी नुसतं 'माप बाकी'.

हसायला येतं खरं. पण एका रविवारी मी वर गेले तेव्हा व्हरांड्यात गाय पूर्ण उलगडलेली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि चिनू चपला काढून गायीच्या पोटात झोपली होती. हात लांब करून शिंगापर्यंत पोहोचतात का बघत होती. "मम्मी, गाय कितनी बडी असते ना," ती म्हणाली. ही मुलगी रोज त्या गायीला वळसा घालून शाळेत जाते. मी पंधरा वर्षं शिकवतेय, आणि पुस्तकाच्या आत शिरलेलं मूल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी चिडले होते की मला रडू येत होतं, ते मलाच कळेना.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'नोनीसाठी.'

आता नोनी कोण हे सांगायला हवं. आमच्या अख्ख्या ब्लॉकला माहीत आहे, फक्त बोलत कुणी नाही.

काकांना एकच मुलगी, मंजू. तिनं उतईच्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा छत्तीसगढी, शेतीवाल्या घरातला, नोकरीला लागलेला, चांगला होता. तो भेटायला आला तेव्हा काकांनी त्याला बस म्हटलं नाही. दारात उभं ठेवून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मंजूला म्हणाले, "आपल्या मापात बसत नाही." तोही ऐकत होता. मंजू त्याच्याबरोबर जिना उतरून गेली ती परत चढली नाही. फोनचा नंबरही बदलला. पुढं तिला मुलगी झाली हे काकांना दुलारीकडून कळलं. दुलारीचं घर जावयाच्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दोन घरं सोडून. दुलारी त्या मुलीला नोनी म्हणायची. तिकडे सगळ्याच मुलींना नोनी म्हणतात. काकांनी खरं नाव कधी विचारलं नाही. म्हणाले, "नाव तिलेच विचारीन."

उतई आमच्यापासून स्कूटरवर अर्ध्या तासावर आहे. मी शंभर वेळा म्हटलं असेल, "काका, चूक तुमची हाय. जा ना."

"चूक माहीच हाय," ते लगेच कबूल करत. "मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण खाली हातानं कसा जाऊ? पुस्तक होऊ दे."

"मग करा ना पुरं."

"शेवटचं पान बाकी हाय."

शेवटच्या पानावर नोनी होती. म्हणजे असायला हवी होती. गायीच्या शेजारी उभी असलेली, जेवढी आहे तेवढीच, म्हणजे तिला स्वतःच्या चित्राला पाठ लावून उभं राहता येईल. आणि नोनीला मोजल्याशिवाय ते तिचं चित्र काढणार नव्हते. पुस्तक झाल्याशिवाय उतईला जायचं नाही, आणि उतईला गेल्याशिवाय पुस्तक होत नाही. एवढा हुशार माणूस, ज्याच्या कागदावरून भट्ट्या उभ्या राहिल्या, त्यानं स्वतःला या फेऱ्यात असं घातलं होतं. मी डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं.

मध्ये दुलारी होती. दर तीनेक महिन्यांनी काका तिला विचारत, "नोनी कितनी हुई?" दुलारी टोपली खाली ठेवून तळहात आडवा धरायची. "अतका होगे हे कका." मग काकांची उलटतपासणी चालायची. ती ओट्यावर उभी होती की खाली, केस बांधलेले होते की मोकळे, तू वाकली होतीस का. शेवटी तिला दाराच्या चौकटीजवळ नेऊन तळहात तिथं टेकवायला लावायचे आणि पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचे. रेघेपुढं तारीख.

इतर घरांत असतात ना, चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा, तशाच त्या दिसायच्या. नवीन माणसाला वाटावं या घरात एक मूल वाढतंय. ज्या मुलीनं त्या चौकटीत कधी पाय ठेवला नाही तिच्या दहा-बारा खुणा होत्या, एकीवर एक.

"या खुणांवरून काढा ना चित्र," मी एकदा म्हटलं.

"हे मोजमाप नाही वो," काका म्हणाले. "हे ऐकीव हाय."

यंदा पोळ्याच्या आधी माझा धीर सुटला. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं, जिना उतरताना ते कठड्याला दोन्ही हातांनी धरायला लागले होते. मी सरळ सांगितलं, "या रविवारी मी तुमाले स्कूटरवर नेते. शेवटचं पान कोरं घेऊन चाला. तिथंच तिले त्या कागदावर झोपवा आणि भवताल पेन्सिल फिरवा. तुमच्या हातचं माप होईल, आणि तिच्या डोयासमोर पुस्तक पुरं होईल." एवढं साधं होतं ते. मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही याचाच राग आला.

काकांनी टेप बाहेर ओढला, परत आत जाऊ दिला. मग म्हणाले, "पाहू."

मी ते हो धरलं. शुक्रवारी दुलारी आली तेव्हा जिन्यातच तिला गाठून घर कुठं, कोणत्या गल्लीनं वळायचं ते विचारलं. दुलारी भेंडी निवडत होती. तिचा हात थांबला.

"ओमन ला गे दू बछर होगे दीदी," ती म्हणाली.

त्यांना जाऊन दोन वर्षं. जावयाची नोकरी बदलली आणि ते बिऱ्हाड हलवून ओडिशाकडे गेले. कोणत्या गावी ते तिलाही माहीत नव्हतं. घरातले म्हातारे आधीच वारले होते, शेत वाट्यानं दिलेलं होतं, घराला कुलूप.

"मग तू हात काय दाखवत होतीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"डोकरा के मुँह देख के मोर ले कहे नइ गिस," ती म्हणाली. त्यांचं तोंड बघून तिच्यानं सांगवलं नाही. तिनं पहिल्यांदा खोटा हात धरला तेव्हा वाटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला हात आणखी वर धरावा लागला. मूल वाढणार ना.

शनिवार मी कसा काढला ते सांगत नाही. रविवारी सकाळी वर गेले. मनात होतं की सांगून टाकायचं, एका दमात. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुस्तक बांधून बसले असतील असं मला वाटत होतं.

काका बनियनवर होते. पुस्तक कपाटावरच होतं. व्हरांड्यात अकरा पुठ्ठे मांडून ते खुर्चीत बसले होते, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बस. तुले समजलं वाटते."

मी उभीच राहिले.

"ये इकडं," ते उठले, चौकटीजवळ गेले आणि खालच्या खुणांवर बोट ठेवलं. "हे पाह्य. इथून इथं अडीच बोटं. मंग एकच बोट. मंग एकदम पाच. लेकरू असंच वाढते. कधी ढिम्म राहते, कधी एका पावसाळ्यात ताडमाड होते. हे खऱ्या हायेत." बोट वर सरकलं. "आता हे पाह्य. दोन बोटं. दोन बोटं. दोन बोटं. वरपर्यंत दोनच. असं कोणतंच लेकरू वाढत नाही वंदना. दुलारी मागची रेघ पाहून हात ठेवून राहिली."

"तुम्हाला कधी समजलं?"

"तिसऱ्या दोन बोटाले. म्हटलं, लेकरू तिथं नसन आता. नाही तं तिनं पाहून सांगितलं असतं."

"मग विचारलं का नाही तिला? कावून नाही विचारलं काका? तेव्हाच शोधलं असतं तं सापडले असते." माझा आवाज चढला होता. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या गुडघ्याच्या दुखण्याची कीवही येईना.

"विचारलं असतं तं तिनं खरं सांगितलं असतं," काका म्हणाले. "मंग मी का करू?"

मी पुठ्ठे ओलांडून खुर्चीवर बसले. कुठल्या गावी गेले असतील, कुणाला विचारता येईल, जावयाच्या जुन्या ऑफिसात कुणी सांगेल का, असं काहीबाही बोलत राहिले. काका हूं हूं करत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

जिन्यात टोपली टेकल्याचा आवाज आला. रविवार दुलारीचा दिवस नव्हे. तिला दोन दिवस चैन पडलं नसणार. ती दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. तिला वाटलं असेल, मी सांगून टाकलं. तिचे डोळे भरले आणि तिनं तोंड उघडलं.

तिला बोलू न देता काकांनी कानावरची पेन्सिल काढली.

"दुलारी, अब कितनी हुई नोनी?"

दुलारी माझ्याकडे बघत राहिली. मी काहीच खूण केली नाही. मग ती आत आली, ओला तळवा लुगड्याला पुसला आणि चौकटीवर टेकवला. मागच्या रेघेच्या वर बरोबर दोन बोटं.

"थोडा और ऊपर," काका म्हणाले. "उसकी माँ इस उमर में लंबी थी."

दुलारीनं हात वर सरकवला. काकांनी पट्टी दोनदा लावून बघितली. ते रेघ मारेपर्यंत तिनं तळवा तिथून हलवला नाही.